लाल थेंबांची साक्ष

१

चौथी ओळ कोरी दिसायला हवी होती.

उमरग्याच्या महाविद्यालयात, जीवतंत्रज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला मोठा पडदा जोडला होता. समोर हैदराबादहून आलेले एका औषध कंपनीचे पाहुणे बसले होते, त्यांच्या शेजारी प्राचार्य उमाशंकर सर. विभागप्रमुख डॉ. कुमार बिराजदार यंत्रापाशी उभे राहून समजावत होते. कोपऱ्यात भिंतीला टेकून ज्ञानेश्वरी गडदे उभी होती. प्रयोग तिचा होता, बोलत सर होते.

"या पेशी सुरुवातीला सुतासारख्या लांबट असतात," सर म्हणाले. "विशिष्ट खुराक दिला की गोल होतात आणि पोटात चरबीचे थेंब साठवायला लागतात. शेवटी आपण खुराक धुऊन काढतो आणि एक लाल रंग घालतो. तो फक्त चरबीला धरतो. जितकी लाली, तितकी चरबी. आता या प्लेटमध्ये वाट्यांच्या चार ओळी आहेत. पहिलीत नुसता खुराक. दुसरीत तरवडाच्या फुलांच्या अर्काचा अगदी हलका डोस, तिसरीत मध्यम, चौथीत जोरकस. अर्क वाढत जाईल तसे थेंब कमी होत जातील. चौथीत तर नावालाच."

पहिल्या ओळीत लाल थेंबांची गर्दी होती. दुसरीत किंचित कमी. पाहुण्यांनी माना डोलावल्या. सरांनी प्लेट पुढे सरकवली. तिसरी ओळ पडद्यावर आली आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी घाईनं चौथी ओळ आणली.

पडदा लालभडक झाला होता.

पाहुणे चहा घेऊन, गोड बोलून निघून गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर डॉ. बिराजदार प्राचार्यांच्या खोलीत शिरले आणि दार लावायच्या आतच म्हणाले, "आजवरचे सगळे निकाल या पोरीनं मनानं रचलेत. हिची पीएच.डी. रद्द करा."

२

दैवशाला माने यांची सगळी नोकरी सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेली होती. विष कशातून गेलं, रक्त कुणाचं, डाग कसला, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. निवृत्तीनंतर त्या उमरग्याला माहेरच्या गावी येऊन राहिल्या होत्या. माणसं खोटं बोलतात याचं त्यांना नवल वाटत नसे, की रागही येत नसे. समोरची वस्तू काय सांगते ते आधी ऐकावं आणि माणसाचं मागाहून, अशी त्यांना सवयच लागली होती.

"विद्यापीठाला कळवायच्या आधी तुम्ही एकदा बघा, ताई," उमाशंकर सर म्हणाले. "एकदा कागद गेला की पोरीचं आयुष्य गेलं. आणि खरंच लबाडी असेल, तर मला पांघरूण घालायचं नाही."

"प्लेट कुठं आहे?"

"माझ्या कपाटात. त्या दिवसापासून कुलपात. कुणी बघितलेली नाही."

दैवशालाबाई आधी डॉ. बिराजदारांना भेटल्या. सर टेबलावरची पेन्सिल सारखी इकडची तिकडं करत होते.

"प्लेटची मांडणी माझी," ते म्हणाले. "डोस मी ठरवले. मोजणी तिची. आजवर निकाल चांगले आले कारण मोजणारी तीच होती. या वेळी पाहुण्यांनी थेट डोळ्यांनी बघितलं, म्हणून उघडी पडली."

"तुम्ही आधीच्या प्लेटी स्वतः पाहिल्या नव्हत्या?"

"फोटो बघितले. फोटो कुठल्याही वाटीचा काढता येतो." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाहीतर फुलांतच घोळ असेल. फुलं तिचा बाप आणतो. मेंढरं राखतो तो, लोहारा गावाकडं. काय भरून आणलं असेल कुणास ठाऊक!"

"पण तुमचा तरवडावर विश्वास होता."

"होता म्हणजे? आहे! मी स्वतः पूड घेतो. विभागातल्या लोकांच्या घरी पुड्या वाटल्यात, वजनाला, शुगरला. कंपनी पुढच्या मोसमात बाजारात आणणार होती. सगळं या पोरीनं मातीत घातलं."

पेशी वाढवायच्या खोलीची किल्ली चौघांकडं असे: सर, ज्ञानेश्वरी, तिच्याबरोबर संशोधन करणारा समर्थ आणि एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या राजेश्वरी स्वामी मॅडम. चौघांपैकी एकजण खोटं बोलत असणार, किंवा तरवड.

३

ज्ञानेश्वरी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसली होती. तिला आत जायला मनाई होती. शेजारी तिचे वडील सिदू गडदे डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेऊन बसले होते. दैवशालाबाईंना बघून ते उठले.

"बाई, म्या फुलं खोटी आणली आसं सायेब म्हणत्यात. तरवड वळखायला न्हाय येत का मला? जन्म गेला माळावर. अन् ह्या टायमाला येगळी फुलं आणलीच न्हाय. पैल्या पोत्यातलीच हायती आजून."

"खरंय?"

"हो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "अर्कसुद्धा तोच. एकाच बाटलीतला. मागच्या प्लेटला चालला आणि या प्लेटला उलटला, असं कसं होईल?"

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. दैवशालाबाईंना ते बरं वाटलं. त्यांनी प्राचार्यांची परवानगी घेतली, प्लेट कपाटातून काढवली आणि तिला घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. सिदू दाराबाहेरच थांबले.

"मला शिकवायचं आहे असं समज," त्या म्हणाल्या. "अर्क घातल्यावर प्लेट दिसते कशी?"

"खुराक गुलाबी असतो. अर्कानं त्याला विटकरी झाक येते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या ओळीला येते. दुसऱ्या ओळीत डोस इतका हलका की डोळ्यांना फरक कळत नाही, पहिलीसारखीच दिसते. रंग द्यायच्या आधी सगळा खुराक धुऊन टाकतो, मग झाक उरत नाही."

"या वेळी झाक आली होती?"

"आली होती. मी स्वतः बघितली."

म्हणजे अर्क वाट्यांत पोचला होता. दैवशालाबाईंनी पहिली ओळ लावली. टपोऱ्या गोल पेशी, आणि पोटात लहानमोठ्या थेंबांचे घोस. दुसरी ओळ लावली. तसंच, थोडं उणं. "मागच्या प्लेटीतही दुसरी ओळ अशीच असायची?"

"हुबेहूब अशीच."

अर्काची बाटलीच कुणी बिघडवली असती, तर दुसऱ्या ओळीतही थोडा का होईना उलटा परिणाम दिसला असता. तो नव्हता. बाटली शुद्ध होती. जे घडलं ते प्लेटमध्येच, आणि फक्त शेवटच्या दोन ओळींत.

त्यांनी तिसरी ओळ लावली, मग चौथी. लालीनं डोळे दिपले. पण बाई लालीकडं बघत नव्हत्या. त्या पेशींच्या कडा शोधत होत्या.

"ज्ञानेश्वरी, पहिल्या ओळीतल्या पेशी गोल आहेत. ह्या कशा आहेत?"

तिनं डोळा लावला.

"लांबट आहेत. सुतासारख्या. मॅडम, ह्या बदललेल्याच नाहीत! अर्कानं त्यांना चरबीची पेशी होऊच दिलं नाही."

"आणि तरी पोटात थेंब आहेत. एकसारखे, बारीक, एकूणएक पेशीत."

"म्हणजे..."

"ह्या पेशींनी चरबी बनवली नाही," दैवशालाबाई म्हणाल्या. "त्यांना कुणीतरी बाहेरून तेल पाजलंय."

४

तेलाचं नाव निघताच विभागात सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडं वळल्या. समर्थ यकृताच्या पेशींवर काम करत होता, आणि त्या पेशींना चरबी चढावी म्हणून तो त्यांना तेलातलं आम्ल पाजत असे. त्याची बाटली फ्रिजमध्ये पहिल्याच फळीवर होती.

तो आला तो चिडूनच. "आता मी चोर का?"

"बस," दैवशालाबाई म्हणाल्या. "बाटली तुझी?"

"माझी. पण फ्रिज सगळ्यांचा. कुणीही घ्यावी."

"कुणीही घेऊन ओतलं तर चालतं?"

"चालतं की. माझं आधीच प्रथिनात बांधून ठेवलेलं आहे. नुसतं आम्ल ओतलं तर पेशी मरतात."

"हे बांधायला कुठं शिकलास?"

"इथंच, एम.एस्सी.ला. राजेश्वरी मॅडम प्रात्यक्षिक घेतात. पेशींना तेल पाजायचं, दुसऱ्या दिवशी लाल रंग द्यायचा, थेंब मोजायचे. आमच्या सगळ्या बॅचनं केलंय."

"तुझ्याच अंगावर शेकणार हे तुला कळत होतं का?"

"कळायला काय? कंपनीनं तरवडाऐवजी माझा कांद्याच्या सालीचा अर्क घ्यावा म्हणून मी केलं, असं सर कालपासून बोलतायत." त्याचा आवाज खाली आला. "मॅडम, ज्ञानेश्वरी गावी गेली की तिच्या प्लेटींचा खुराक मी बदलतो. मी गावी गेलो की माझ्या प्लेटींचा ती. मला तिच्या प्लेटीवर हात टाकायचा असता, तर मी कधीच टाकला असता."

"म्हणजे तिच्या चारही ओळी तुला पाठ आहेत."

"झोपेतून उठवून विचारा."

डॉ. बिराजदारांनी त्याच दुपारी समर्थचीही किल्ली काढून घेतली. दोन पोरं पायऱ्यांवर बसली. दैवशालाबाईंनी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्या रिक्षा करून राजेश्वरी स्वामींच्या घरी गेल्या.

५

राजेश्वरी मॅडमनी चहा टाकला. बाहेरच्या खोलीत त्यांच्या सासूबाई, द्वारकाबाई, खिडकीपाशी बसल्या होत्या. पाहुणी आलेली बघून त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ह्यांना ते दे... ते, गोल... तव्यावरचं..."

"भाकरी, अव्वा. त्या जेवायला न्हाय आल्या," राजेश्वरी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मग दैवशालाबाईंना सांगितलं, "शब्द सापडत नाहीत त्यांना. उन्हाळ्यापासून."

"पडल्या होत्या का?"

"आजारी होत्या." एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. "मला या प्रकरणातलं फारसं माहीत नाही हो. पाहुणे आले तेव्हाही मी नव्हते. आठवडाभर परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होते, पलीकडच्या इमारतीत. पेशींच्या खोलीकडं फिरकलेसुद्धा नाही."

"प्लेट बघितली नाहीत?"

"कशी बघणार? सरांनी लगेच कुलपात ठेवली ना."

"समर्थनं केलं असेल असं वाटतं?"

"छे!" त्या एकदम म्हणाल्या. "तो तसा पोरगा नाही. आणि ज्ञानेश्वरीही लबाड नाही. खरं सांगू का, एका प्लेटवरून कुणाचं आयुष्य तोलू नये. काय असतं एका प्लेटमध्ये? दोन ओळी साध्या, दोन ओळी औषधाच्या. एवढ्यावरून काय सिद्ध होतंय? पुन्हा करायला लावा प्रयोग. वर्षभर जाऊ द्या. घाई कशाला?"

दैवशालाबाईंनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबला.

"सासूबाई आजारी कशानं पडल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

राजेश्वरी मॅडमनी रिकामे कप उचलले. त्या उठून आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्याच नाहीत.

६

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. दैवशालाबाईंनी प्लेट टेबलावर ठेवली. त्या नेहमीच्याच सपाट आवाजात बोलल्या.

"ही प्लेट ज्ञानेश्वरीच्या बाजूची साक्षीदार आहे. शेवटच्या दोन ओळींतल्या पेशी अजून लांबट आहेत. अर्कानं आपलं काम केलं होतं. त्यानंतर, लाल रंग द्यायच्या आदल्या दिवशी, कुणीतरी त्यांना समर्थच्या बाटलीतलं तेल पाजलं."

"मग समर्थच!" डॉ. बिराजदार म्हणाले.

"ऐकून घ्या. ज्याला तरवड खोटा पाडायचा आहे, तो औषधाच्या तिन्ही ओळींना तेल पाजेल. दुसरी ओळ का सोडली?"

त्यांनी प्लेटच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कारण त्या माणसाला ती औषधाची आहे हे ठाऊकच नव्हतं. तिला झाक नव्हती. झाक बघून त्यानं विटकरी वाट्या तेवढ्या निवडल्या. मांडणी तुमची, सर, तुम्ही ती ओळ सोडली नसती. समर्थ त्या वाट्यांचा खुराक बदलतो, त्याला चारही ओळी पाठ आहेत. ज्ञानेश्वरीचा तर प्रश्नच नाही." त्या वळल्या. "राजेश्वरी मॅडम, काल तुम्ही म्हणालात, दोन ओळी साध्या, दोन औषधाच्या."

राजेश्वरी मॅडमचा चेहरा उतरला.

"ज्याला प्रयोग माहीत आहे तो म्हणेल, एक साधी, तीन औषधाच्या. ज्यानं रंग दिल्यावरची प्लेट बघितली तो म्हणेल, सगळ्याच लाल. दोन आणि दोन अशी ती फक्त खुराक आत असताना दिसते, इन्क्युबेटरचं दार उघडून. त्या आठवड्यात तुम्ही तिकडं फिरकला नव्हतात म्हणालात."

ज्ञानेश्वरी राजेश्वरी मॅडमकडं बघत होती. तिला रागापेक्षा आश्चर्य अधिक वाटत होतं. एम.एस्सी.ला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक हातात दिला होता तो याच बाईंनी.

"मीच केलं," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. त्यांनी बिराजदारांकडं बोट केलं. "ह्यांना विचारा का केलं. ह्यांनी पुडी दिली होती घरी. शुगरला चांगली म्हणून. अव्वांनी त्यांच्या गोळीबरोबर घेतली, सकाळ-संध्याकाळ. शुगर इतकी उतरली की न्हाणीघरात बेशुद्ध सापडल्या. दवाखान्यात वाचल्या, पण पूर्वीच्या अव्वा परत आल्या नाहीत. मी ह्यांच्याकडं गेले. म्हटलं, गोळीबरोबर पूड चालते का, हे आधी तपासा. म्हणाले, म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच."

"त्या पुडीनंच झालं, याला पुरावा काय?" बिराजदार म्हणाले, पण त्यांनी वर बघितलं नाही.

"पुरावा नाही. म्हणून तर तपासा म्हणत होते! आणि तुम्ही पाहुणे बोलावलेत. मोसमात बाजारात आली असती. गावोगाव म्हातारी माणसं गोळी खातात." त्यांचा आवाज चिरकला. "मला फक्त पाहुणे परत जायला हवे होते. एक प्लेट बिघडली असती, प्रयोग लांबला असता, बस्स. हे पोरीवर येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर तर कळलं होतं," दैवशालाबाई म्हणाल्या. "रोज पायऱ्यांवर बसत होती ती."



७

पुढं जे व्हायचं ते रीतसर झालं. प्राचार्यांनी विद्यापीठाला सगळं खरं कळवलं. राजेश्वरी मॅडमनी आपलं कृत्य मान्य केलं. त्यांचं प्रयोगशाळेतलं काम बंद झालं, चौकशी लागली. बिराजदारांना वाटलेल्या पुड्या घरोघर जाऊन परत घ्याव्या लागल्या. विभागप्रमुखपद गेलं. कंपनीला पत्र गेलं की गोळीबरोबरची तपासणी झाल्याशिवाय तरवड मिळणार नाही. समर्थला त्याची किल्ली मिळाली, माफी मात्र कुणी मागितली नाही.

ज्ञानेश्वरीवरचा आरोप निघाला. तिला प्रयोग पुन्हा करायला सांगितलं. तिनं त्यात एक भर घातली. शुगरच्या गोळ्या आणि तरवड एकत्र दिल्यावर यकृताच्या पेशींचं काय होतं, तेही ती बघणार होती. ते काम समर्थबरोबर करायचं ठरलं.

सिदू लोहाऱ्याच्या जीपमध्ये बसायच्या आधी दैवशालाबाईंना भेटायला आले. "बाई, मंग तरवड चांगला का वाईट, ते सांगा. आमी बी घेतो कवा कवा."

"अजून ठाऊक नाही, सिदूभाऊ. गोळी चालू असेल तर घेऊ नका. बाकीचं तुमची लेक सांगेल."

जीप भरेपर्यंत ज्ञानेश्वरी बाईंजवळ उभी राहिली. बरंच काही विचारायचं असावं, पण तिनं एकच विचारलं.

"मॅडम, राजेश्वरी मॅडम सरांकडं गेल्या. सरांनी ऐकलं नाही, तेव्हा प्लेटीकडं गेल्या. माझ्याकडं का नाही आल्या? प्रयोग माझा होता. अव्वांचं कळलं असतं, तर मीच पाहुण्यांसमोर उभी राहून सांगितलं असतं, थांबा म्हणून."

दैवशालाबाईंनी आयुष्यात पुष्कळ अवघड प्रश्नांची उत्तरं शोधली होती. या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नव्हतं. ते फक्त सांगायला जड होतं.

"कुणाच्या लक्षातच आलं नाही, पोरी. तुला विचारावं, हे."

ज्ञानेश्वरीनं वडिलांना जीपमध्ये चढायला हात दिला आणि दार ओढून घेतलं.

"आता येईल लक्षात," ती म्हणाली, आणि कॉलेजच्या दिशेनं चालू लागली.